बाबांना परत गरवायला (गरीने मासे धरायला) न्यायचंय, एका हाताने दोर कसा धरायचा?

दुर्भाटची माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा छोटाच आहे पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लांबण लागेल, वाचून घ्या.

माझे बाबा ७८ वर्षांचे. आयुष्यभर सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि शाळा सुटली की जुवारीच्या काठावर. घर दुर्भाटला, मागच्या दाराने उतरलं की खाजनच. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, धाकटीला पाण्याची भीती, त्यामुळे सहा-सात वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर गरवायला मीच. आजीला हे अजिबात पसंत नव्हतं, मुलीने बांधावर बसून मासे धरायचे म्हणजे काय, पण बाबा तिला एकच उत्तर द्यायचे, हिचं बोट चांगलं आहे.

ते बोटाचं सांगते. आमच्याकडे काठी-बिठी काही नव्हती. एका फळीला गुंडाळलेली तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोर), टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी, गरीला जिवंत सुंगट (कोळंबी), आणि दोर उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून पाण्यात सोडलेला. बस. खाली काय चाललंय ते सगळं त्या बोटाला कळायचं. काळुंदर असलं तर टिकटिक, चिमणी दाणा टिपते ना तसं. तांबसो एकदाच हिसडा देतो, तेव्हा तुम्ही जागे नसाल तर गेला. आणि दोर नुसताच जड होऊन हळूहळू बाजूला सरकायला लागला की समजायचं कुर्ली (खेकडा), तिला झटका द्यायचा नाही, श्वास रोखून वर आणायचं आणि पाण्याबाहेर यायच्या आत खालून झोळी लावायची. हे सगळं मला बाबांनी तोंडाने कधीच शिकवलं नाही, ते माझं बोट स्वतःच्या दोरावर ठेवायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "राव" म्हणजे थांब, आणि "वोड" म्हणजे ओढ.

आमची जागा मानशीवरची. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, खाजन म्हणजे खाडीच्या पातळीपेक्षा खोलगट शेत, त्याला मातीचा बांध, आणि बांधात लाकडी दारं, ती मानस. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप लागतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतं. आतलं पाणी वाहायला लागलं की बारीकसारीक खाणं त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि मोठे मासे तोंडाशी येऊन उभे राहतात. मानशीत जाळं लावायचा हक्क लिलावात ज्याला मिळेल त्याचा, पण बाहेरच्या बाजूला नदीत गरी टाकून बसायला आम्हाला कोणी कधी अडवलं नाही.

आता मुद्द्याचं. १४ महिन्यांपूर्वी बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन तीस-चाळीस पावलं चालतात, बोलतात पण शब्दाला वेळ लागतो, उजव्या हाताला स्पर्श नीट कळत नाही. आईबाबा दोघंही आता फोंड्याला माझ्याकडे असतात, दुसऱ्या मजल्यावर. मानशीकडे जायचा बांध एक तर अरुंद, त्यात मध्ये फुटून तिवरांनी भरलाय, तिथे त्यांना नेणं शक्यच नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी बघते तर बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसलेत आणि कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर डाव्या हाताचं बोट ठेवून डोळे मिटलेत. मी विचारलं बाबा काय करताय? बऱ्याच वेळाने म्हणाले, "वारो."

मला रात्रभर झोप नाही आली. तर मंडळी, त्यांना एकदा तरी पाण्यावर न्यायचंय. गाडी अगदी जवळ जाईल अशी जागा कुठली, वेळ कुठली, आणि मुख्य म्हणजे एका हाताने, तोही डावा, दोराने गरवता येतं का? कोणी केलंय का असं?

बांधकार

ताई, वाचून दोन मिनिटं गप्पच बसलो. माझं गाव पण खाजनातलंच, तिसवाडीत.

जागेचं बोलायचं तर लोक तुम्हाला पणजी-रायबंदर रस्ता सांगतील, तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमाराला बांधलेला, अजून त्याच्या कठड्यावर संध्याकाळी गरीवाले बसलेले दिसतात, पण वाहनं इतकी की वयस्कर माणसाला तिथे खुर्ची टाकून बसवणं मला काही पटत नाही. शिवोलीला शापोरा नदीच्या कडेने रस्ता जातो तो शांत आहे. पण माझं ऐकाल तर एवढं लांब जाताच कशाला, दुर्भाटचा धक्का आहे ना? गाडी पाण्यापर्यंत जाते, आणि पाणी त्यांच्या ओळखीचं. खाली किती खोल, प्रवाह कुठून वळतो, हे त्यांच्या डोक्यात असेल, नवीन ठिकाणी त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि आता त्यांच्याकडे तेवढा वेळ एका बैठकीत नाही. फक्त फेरीच्या उतारावर बसू नका, तिथे शेवाळ असतं आणि फेरी लागताना लाट वर येते. बाजूला सपाट जागा बघा.

वेळेचं, तुमच्या बाबांना तिथीचा हिशोब नक्की माहीत असणार. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे पुनव-अवसेला बाराच्या आसपास, आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे. मुरगावला थोडी आधी, आत दुर्भाटपर्यंत पाणी चढायला उशीर. अष्टमीचा आकडा काढा, सहा येतो. म्हणजे अष्टमी-नवमीला संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, ऊन गेलेलं, आणि वर भांगाचे दिवस म्हणजे पाण्याला ओढ कमी. उधाणाच्या दिवसांत शिसं जागेवर राहत नाही, दोर सारखा ताणलेला राहतो, नवशिक्या बोटाला त्यात मासा कुठला आणि प्रवाह कुठला हे कळत नाही. डावं बोट म्हणजे नवशिकंच की. भरतीच्या आधी दीड तास जाऊन बसा, पाणी उभं राहील तोपर्यंत. त्याहून जास्त बसवू नका.

खाडीतला गळ

मी सिंधुदुर्गातला, आता नोकरीनिमित्त म्हापशाला. आमच्या काकांचा एक हात लहानपणी गेला होता, तरी ते मरेपर्यंत गरवायचे, म्हणून हे बघितलेलं लिहितोय.

दोन गोष्टी. पहिली म्हणजे गरी बदला. साध्या गरीला मासा लागला की हिसका देऊन रुतवावी लागते आणि तिथेच एका हाताची पंचाईत होते. सर्कल हूक मिळतो, त्याचं टोक आत वळलेलं असतं. त्याला हिसका द्यायचाच नाही, मासा तोंडात घेऊन वळला आणि दोर ताणला गेला की ती आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. मासा गिळतही नाही सहसा, त्यामुळे सोडवायलाही सोपं. काळुंदराचं तोंड लहान, तेव्हा सगळ्यात बारीक नंबर घ्या. पण एक अडचण येईल, जुन्या माणसाचा हात सवयीने हिसका देतोच, आणि सर्कल हूकला हिसका दिला की ती तोंडातून सरळ बाहेर. बाबांना आधी समजावून सांगा.

दुसरी, फळी. काका ती मांडीखाली दाबून बसायचे, पण तुम्ही हाताची प्लास्टिकची खुर्ची न्या आणि फळी खुर्चीच्या हाताला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. म्हणजे हात फक्त दोरासाठी मोकळा. दोराला घुंगरू पण लावता येतं, मासा लागला की वाजतं.

आणि जर का चोणक लागला (रायगडात त्यालाच जिताडा म्हणतात) तर घाई नको. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तंगूस तिथेच कापली जाते, म्हणून शेवटची हातभर दोरी जाड लावायची. फार मोठा असेल तर एक विनंती, सोडून द्या. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठे जे असतात त्या बहुतेक अंड्यांच्या माद्याच.

दर्यावर्दी

ताई मी बोटीवर असतो, आत्ता सुद्धा समुद्रातच आहे, नेट मिळालं तसं लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

गरीचं मला फारसं येत नाही, आमचं रापणीचं घर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं. आजोबा रापणकार. लहानपणी पहाटे शंभर-दीडशे पावलांवर दोन दोर किनाऱ्यावर यायचे आणि गावातलं कोणीही येऊन दोराला हात लावायचं, ज्याने हात लावला त्याला वांटो मिळायचाच मग तो पोरगा असो की वाटसरू. माझा पहिला वांटो म्हणजे सात बांगडे, सदऱ्याच्या पुढच्या घोळात घेऊन घरी पळालो होतो, आईने सदरा फेकून दिला पण बांगड्यांचं हुमण केलं. नंतर ट्रॉलर आले, सत्तरच्या दशकात रापणकारांचं मोठं आंदोलन झालं, माथानी साल्ढाणा वगैरे पुढे होते, १९८० ला मासेमारीचा कायदा झाला, पण आमच्या घरची रापण तोवर बसली होती. आजोबा मग रोज संध्याकाळी नुसते किनाऱ्यावर जाऊन बसायचे. पाण्याचा रंग बघून सांगायचे आज तारले आलेत. कोणी ऐकायला नसायचं. मी असायचो, पण मला क्रिकेट खेळायचं असायचं.

तुमच्या बाबांचं ते दोरीवरचं बोट वाचून मला आजोबांची बसायची जागा डोळ्यांसमोर आली. तुम्ही जाच. मासा मिळाला नाही तरी जा. आणि त्यांना काय दिसतंय ते विचारत राहा, बोलायला वेळ लागला तरी थांबा.

फिजिओवाली

रोज असे पेशंट बघते म्हणून फक्त काळजीचं लिहिते. त्यांच्या बोटाला किंवा मनगटाला दोर गुंडाळू देऊ नका, अजिबात नाही. ज्या बाजूला स्पर्श कळत नाही त्या बाजूला तर मुळीच नको, तंगूस कापत गेली तरी त्यांना समजणार नाही. दोर बोटावरून नुसता जाऊ दे. खुर्ची काठापासून दोन-तीन पावलं मागे, खुर्चीचे मागचे पाय पुढच्यापेक्षा खाली असले तर उत्तम. उजवा हात उशीवर ठेवा, लोंबकळत ठेवू नका. पाणी आणि बीपीची गोळी विसरू नका.

बाकी डाव्या बोटाला शिकायला वेळ लागतो पण ते शिकतं. ज्यात जीव आहे त्या कामात हात लवकर शिकतो हे मी खूपदा बघितलंय.

जुवारीकाठ

वर सगळ्यांनी छान सांगितलंय. एकच भर, कोणी कुंभारजुव्याच्या कालव्याचं नाव सुचवलं तर नको म्हणा, तिथे मगरी आहेत आणि तुम्हाला पटकन उठता येणार नाही. आणि १ जून ते ३१ जुलै जी बंदी असते ती यांत्रिक बोटींना, काठावरून गरी टाकणाऱ्याला नाही, पण पावसात त्यांना नेऊच नका, पाणी गढूळ आणि काठ निसरडे. आत्ता कार्तिकातलं पाणी निवळलेलं, हेच दिवस.

दुर्भाटची माहेरवाशीण

सगळ्यांचे खूप आभार. बांधकार दादा, तुमचा पाऊणपटीचा हिशोब बाबांना वाचून दाखवला तर त्यांनी डावा हात वर करून सहा बोटं दाखवली, म्हणजे आधी पाच आणि मग एक. मी अष्टमी म्हणायच्या आत. दर्यावर्दी दादा, तुमचं सगळं वाचून दाखवलं, सात बांगड्यांवर हसले.

रविवारी अष्टमी आहे. जातोय.

दुर्भाटची माहेरवाशीण

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, पण नीट लिहायचं होतं.

साडेचारला धक्क्यावर पोचलो. सुंगटं शेजारच्या काकांनी दुपारी पागेर (फेकायचं जाळं) टाकून काढून ठेवली होती, बादलीत जिवंत उड्या मारत होती. बाबांना गाडीतून उतरवून खुर्चीपर्यंत न्यायला दहा मिनिटं लागली. मी बारीक सर्कल हूक आणली होती, ती हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि मला परत दिली. मग जुन्या डब्यातली त्यांची स्वतःची गरी लावली. खाडीतला गळ दादा, माफ करा, तिथे माझं काही चाललं नाही. गाठ मारताना दोराचं टोक त्यांनी दातात धरलं, वेढे मी दिले, पाच झाल्यावर मान हलवली, घट्ट करताना थुंकी लावायला लावली. घुंगराला पण नाही म्हणाले.

ट्यूबची पट्टी मात्र अगदी कामाला आली.

पहिला अर्धा-पाऊण तास फार वाईट गेला. दोर डाव्या बोटावर, मासे येत होते, सुंगट खाऊन जात होते, गरी वर काढावी तर रिकामी. चार वेळा रिकामी. बाबांचा चेहरा उतरत गेला आणि मग म्हणाले, "हें बोट कुड्डें." कुड्डें म्हणजे आंधळं. मला वाटलं आता घरी चला म्हणणार, आणि मी काय बोलू तेही सुचेना.

मग मी त्यांच्या खुर्चीपुढे खाली बसले आणि त्यांच्या बोटाच्या पुढे हातभर अंतरावर त्याच दोराला माझं बोट लावलं. लहानपणी ते माझं लावायचे तसं, फक्त आता पुढे मी. थोड्या वेळाने टिकटिक आली. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "राव." अगदी स्वच्छ. घरी पाणी मागायला त्यांना शब्द शोधावा लागतो. परत टिकटिक, परत "राव", मला तर वाटलं मासा गेलाच, दोर एकदम ढिला पडला, माझ्या बोटाला काहीच कळत नव्हतं, आणि तेवढ्यात "वोड!"

ओढायचं कसं हा प्रश्न मी विचारला होता ना, त्याचं उत्तर तिथे आपोआप मिळालं. त्यांनी डाव्या हाताने हातभर ओढायचं, मी तिथे चिमटीत दाबून धरायचं, त्यांनी पुढची पकड घ्यायची, मी सोडायचं. पहिल्या वेळेला गोंधळ झाला, दुसऱ्या वेळेपासून जमलं. काळुंदर. तळहाताएवढं, अंगावर ते बारीक पांढरे ठिपके, खालच्या अंगाला पिवळसर झाक. बाबांनी ते गरीवरून काढलं नाही, नुसता अंगठा त्याच्या खवल्यांवरून उलट्या दिशेने फिरवला, मग बादली दाखवली.

अशी तीन मिळाली. तिसऱ्याच्या वेळी मी मुद्दाम माझं बोट काढून घेतलं होतं, त्यांना सांगितलं नाही. राव आणि वोड दोन्ही त्यांनीच म्हटलं. मग शेवटी पाणी उभं राहता राहता दोर जड झाला आणि डावीकडे सरकायला लागला, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कुर्ली! वर आणली, दोन्ही नांग्या धरून लोंबकळत होती, मी झोळी लावायला उठले आणि माझा पाय बादलीला लागला, खळ्ळकन आवाज झाला आणि तिने सोडलं. बाबा मला ओरडले. खरंच ओरडले, शाळेतल्यासारखे, पूर्ण वाक्य, "तीस वर्सां जालीं, अजून पांय सारके दवरूंक येना?" मी तिथेच उभी राहून रडले आणि त्यांना कळेना ही कुर्लीसाठी एवढी का रडते.

घरी आईने काळुंदरं रवा लावून तळली, सोलकढी केली. बाबांनी काटे डाव्या हाताने स्वतः काढले, अर्धा तास लागला, कोणाला हात लावू दिला नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला विचारलं, येशी? ती हो म्हणालीये.

आईने कालनिर्णय उतरवून पुढच्या पक्षातली अष्टमी बघितली तर ती सोमवारी येतेय, सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत, म्हणून तिने मंगळवारच्या नवमीवर पेनाने खूण करून ठेवलीय. बांधकार दादा, त्या दिवशी भरती किती वाजता धरू, पावणेसात ना?

बांधकार

पावणेसात बरोबर. आत चढायला लागणारा वेळ धरून सव्वासात समजा, सव्वापाचला पोचा. पोरीला टोपी नको आता, थंडी पडायला लागलीय, स्वेटर न्या. आणि कुर्लीसाठी झोळी आधीच उजव्या हाताला तयार ठेवा, बादली मागे.